‘टेक्सस फ्लड’ : एका ध्वनिमुद्रिकेचें रसग्रहण

कवितेचें रसग्रहण कसें करावें हें आपण वर्गांत शिकतों. छंद कोणता, आशय काय, शब्दयोजना कशी, असे प्रश्न विचारतां विचारतां कविता हळूहळू उलगडत जाते. गाण्यांच्या संग्रहाविषयीं मात्र ‘आवडला’ किंवा ‘आवडला नाहीं’ एवढ्यावरच आपला अभिप्राय संपतो. कवितेस लावावयाची पद्धति गाण्यास लावतां येणार नाहीं काय? येते, असें आमचें मत आहे. व तें उदाहरणानें दाखवावें म्हणून अमेरिकन गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन याचा १९८३ सालीं प्रसिद्ध झालेला ‘टेक्सस फ्लड’, म्हणजे ‘टेक्ससचा महापूर’, हा अल्बम आम्हीं येथें घेतला आहे. तोच घेण्यास आणखी एक कारण आहे. अनुकरण कोठें संपतें आणि स्वतःचें कोठें सुरू होतें, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यास केव्हांना केव्हां पडतो. त्याचें एक उत्तर या संग्रहांत ऐकावयास मिळतें.

प्रथम छंदाचा विचार करूं. ‘ब्लूज्’ हा गानप्रकार अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कृष्णवर्णीय लोकांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास उदयास आला. १८६५ सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, तरी दारिद्र्य व अवहेलना हीं कांहीं संपलीं नव्हतीं. त्या लोकांचें सुखदुःख या गाण्यांत उतरलें. त्याची रचना अगदीं साधी असते. चार मात्रांचा एक गट, असे बारा गट मिळून एक आवर्तन होतें. पहिले चार गट षड्जाच्या स्वरसंघांत, पुढील दोन मध्यमाच्या, मग दोन पुन्हां षड्जाच्या. नववा पंचमाचा, दहावा मध्यमाचा, व शेवटचे दोन परत षड्जाचे. गीताच्या ओळी बहुधा तीन असतात : पहिली म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, व तिसरीनें त्या गोष्टीचा निकाल लावावयाचा. ओळ संपल्यावर जी जागा उरते तेथें वाद्य उत्तर देतें. गांधार कोमलही नाहीं आणि शुद्धही नाहीं अशा मधल्याच ठिकाणीं पुष्कळदां लागतो, आणि सतारीवर मींड घेतांना जशी तार आडवी ओढतात तशीच गिटारीची तार ओढून तो काढावा लागतो. १९६० नंतरच्या काळांत या गाण्यास विजेच्या गिटारीचा मोठा नाद व रॉक संगीताचा जोरकस ठेका यांची जोड मिळाली, तेव्हां त्यास ‘ब्लूज्-रॉक’ असें नांव पडलें.

व्हॉन याचा जन्म ३ ऑक्टोबर १९५४ रोजीं टेक्सस संस्थानांतील डॅलस शहरीं झाला. वयाच्या सातव्या वर्षीं त्यास खेळण्यांतील गिटार मिळाली. त्याचा वडील बंधु जिमी हाही गिटार वाजवीत असे, व त्याचें पाहून आणि घरांतील ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हां ऐकून तो शिकला. स्वरलेखन वाचण्यास तो कधींच शिकला नाहीं. अल्बर्ट किंग, बडी गाय, हाउलिन वुल्फ, लाइटनिन हॉपकिन्स, जिमी हेंड्रिक्स हे त्याचे गुरु. पुढें ऑस्टिन शहरीं त्यास यांपैकीं कित्येकांस समोर बसून ऐकण्याची संधि मिळाली. त्याच्या गिटारीच्या तारा नेहमींपेक्षां पुष्कळ जाड असत व त्या अर्धा स्वर उतरवून लाविलेल्या असत. अशा तारा ओढण्यास बोटांत मोठें बळ लागतें. परंतु त्यांतून निघणारा नाद भरदार व गंभीर असतो.

अल्बम कसा जन्मास आला तेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे. १७ जुलै १९८२ रोजीं स्वित्झर्लंडांतील माँत्रो येथील संगीतोत्सवांत व्हॉन व त्याचे सोबती वाजवावयास गेले, तेव्हां कांहीं श्रोत्यांनीं ओरडून आपली नापसंति दर्शविली. तोंपर्यंत त्यांचा एकही अल्बम निघाला नव्हता. परंतु त्याच मुक्कामांत डेव्हिड बोवी व जॅक्सन ब्राऊन या नामांकित गायकांनीं त्यांचें वादन ऐकलें, आणि ब्राऊन यानें लॉस एंजेलिस येथील आपला स्टुडिओ कांहीं मोबदला न घेतां तीन दिवस वापरण्यास दिला. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत व्हॉन, बेस गिटार वाजविणारा टॉमी शॅनन व ड्रमवादक क्रिस लेटन या तिघांनीं जणूं सभेंत बसल्याप्रमाणें एकत्र वाजवून गाणीं मुद्रित केलीं. केवळ नमुना म्हणून दाखविण्यास तें मुद्रण उपयोगीं पडावें, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पुढें जॉन हॅमंड या जाणत्या संगीत-निर्मात्याच्या साह्यानें तें एपिक कंपनीकडून १३ जून १९८३ रोजीं प्रसिद्ध झालें. काम तीन दिवसांचें दिसतें खरें; पण त्यामागें वीस वर्षांचा रियाज उभा होता, हें विसरून चालणार नाहीं.

आतां ज्या गाण्यावरून संग्रहास नांव मिळालें त्याकडे वळूं. तें व्हॉन याचें नव्हे. लॅरी डेव्हिस या कृष्णवर्णीय गायकानें तें १९५८ सालीं मुद्रित केलें होतें, व त्यांत गिटार फेंटन रॉबिन्सन यानें वाजविली होती. महापुरानें टेलिफोनच्या तारा पडल्या आहेत, प्रिय व्यक्तीशीं बोलणें अशक्य झालें आहे, असा त्याचा आशय आहे. डेव्हिसच्या गाण्यांत कंठ प्रधान आहे. व्हॉन यानें रचना तीच ठेविली, लयही विलंबित ठेविली, परंतु जें सांगावयाचें तें बहुतेक गिटारीच्या मुखानें सांगितलें. सुमारें सव्वापांच मिनिटांच्या या गाण्यांत एकेक मात्रा तीन भागांत विभागलेली असल्यामुळें लय झुलत राहते. एखादा स्वर तो लांबवितो, कांपवितो, मग एकाएकीं स्वरांचा लोंढा सोडतो व पुन्हां थांबतो. तारा ओढण्याची तऱ्हा उघड उघड अल्बर्ट किंग याची आहे; परंतु तो आवेग व ती घनता किंग याच्या संयमी वादनांत आढळत नाहीं.

संग्रहांतील दहांपैकीं चार गाणीं दुसऱ्यांचीं आहेत. आपण इंग्रजी शिकतांना पाठ केलेलें मेरीच्या कोंकराचें बालगीत बडी गाय यानें ब्लूज्मध्यें बसविलें होतें; तेंही येथें भेटतें. स्वतः रचिलेल्या ‘प्राइड अँड जॉय’ मध्यें व्हॉन खालच्या तारांवर चाल चालवितो व त्याच हातानें वरच्या तारांवर ठेका धरतो, त्यामुळें दोन वादक वाजवीत आहेत असा भास होतो. ‘रूड मूड’ ही कंठावांचूनची द्रुत चीज हॉपकिन्सची आठवण करून देते. शेवटीं पत्नी लेनोरा हिच्या नांवावरून ‘लेनी’ ही शांत चीज येते. एवढ्या गर्जनेनंतर हा वादक इतकें हळुवारही बोलूं शकतो, हें पाहून मन प्रसन्न होतें.

दोष नाहींत असें नाहीं. व्हॉन याच्या स्वतःच्या गीतांतील शब्द सामान्य आहेत, आणि त्याच्या कंठाचा पल्ला बोटांच्या मानानें तोकडा आहे. याहून मोठा आक्षेप असा कीं, यांत नवें तें काय? छंद जुना, गाणीं कांहीं परक्यांचीं, लकबी गुरूंच्या! आमच्या मतें या आक्षेपास दोन उत्तरें आहेत. एक तर, गुरु अनेक असले व अभ्यास खोल असला म्हणजे त्यांच्या मिश्रणांतून जें निघतें तें कोणा एकाचें राहत नाहीं. पहिले कांहीं स्वर ऐकतांच ‘हा व्हॉन’ असें जाणकार सांगतात, तें यामुळेंच. दुसरें असें कीं, त्यानें आपलें ऋण कधीं लपविलें नाहीं. गुरूंचीं नांवें तो आवर्जून घेत असे. अल्बम निघाल्यावर सहाच महिन्यांनीं, डिसेंबर १९८३ मध्यें, कॅनडांतील हॅमिल्टन येथें दूरचित्रवाणीसाठीं तो अल्बर्ट किंग याच्या शेजारीं बसून शिष्याप्रमाणें वाजला.

तथापि या ऋणाची एक बाजू मनास बोंचते. व्हॉन याच्या अल्बमच्या लाखों प्रती खपल्या. डेव्हिसचें नांव मात्र थोड्यांसच ठाऊक झालें. ज्या लोकांनीं ब्लूज् निर्माण केला त्यांच्या पदरीं कीर्ति व धन यांचा वांटा बहुधा लहानच पडला. हा अन्याय एका वादकाच्या प्रांजलपणानें भरून निघत नाहीं. त्यांत श्रोत्यालाही थोडें कर्तव्य आहे.

२७ ऑगस्ट १९९० रोजीं विस्कॉन्सिन संस्थानांत हेलिकॉप्टरच्या अपघातांत व्हॉन मरण पावला; त्याचें वय अवघें पस्तीस वर्षांचें होतें. त्याचा हा पहिला अल्बम आमच्या वाचकांनीं तीनदां ऐकावा अशी आमची सूचना आहे. प्रथम बोटांवर बारा गट मोजीत ऐकावा, म्हणजे रचना कळेल. दुसऱ्यानें शॅनन व लेटन यांच्याकडे लक्ष द्यावें, म्हणजे गिटारीस एवढें स्वातंत्र्य कोणामुळें मिळालें तें उमगेल. तिसऱ्यानें ओळीस गिटार काय उत्तर देते तेवढेंच ऐकावें. आणि मग प्रत्येक गाण्याखालीं कर्त्याचें जें नांव छापलेलें असतें तें वाचून लॅरी डेव्हिसचें मूळ गाणें शोधून काढावें व तेंही तितक्याच आदरानें ऐकावें.