मोठ्या प्रकल्पातली छोटी घरे कुणाला मिळतात?

प्रश्न : आम्ही पुण्यात भाड्याने राहतो. शेजारच्या मोठ्या गृहप्रकल्पात छोट्या घरांची वेगळी इमारत आहे. बिल्डर म्हणतो, 'ती घरे आम्ही थेट विकत नाही.' मग ती मिळतात कशी?

उत्तर : ही बहुधा सर्वसमावेशक गृहनिर्माणाची घरे आहेत. दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावर गृहप्रकल्प करायचा, तर मूळ एफएसआयच्या किमान २० टक्के बांधकाम आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखावे लागते. राज्य सरकारने २०१३ मध्ये आणलेली ही अट २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही कायम आहे. घराचे क्षेत्र ३० ते ५० चौरस मीटर असते आणि दोन घरे जोडून एक करायला मनाई आहे. ही घरे त्याच महापालिकेच्या हद्दीत दुसऱ्या जागीही बांधता येतात. म्हणून अर्जापूर्वी प्रत्यक्ष जागा जरूर पाहा.

वाटप म्हाडाच्या सोडतीतून होते. पुणे मंडळाच्या जाहिरातीत '२० टक्के योजना' हा भाग वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास प्रमाणपत्र आताच काढून ठेवा. सोडत संगणकीय असते. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नका.