इंटरनेट दूरध्वनीचे केंद्र : क्लाउडवर की स्वतंत्र सर्व्हरवर?

कार्यालयातील दूरध्वनी केंद्र म्हटले की भिंतीवरची पेटी, तिच्यातून निघणाऱ्या तारांच्या जुड्या आणि ‘थांबा, जोडून देतो’ म्हणणारा ऑपरेटर, हे चित्र अनेक वर्षे डोळ्यांपुढे येत असे. ते आता पालटत आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणास आपल्या लहानशा व्यवसायासाठी असे केंद्र विकत घेणे परवडेना. म्हणून त्याने ‘ॲस्टरिस्क’ ही आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. पेटीचे काम साधा संगणक करू लागला. भारतातही १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट दूरध्वनीस मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली.

हा संगणक, म्हणजेच सर्व्हर, कोठे ठेवावा हा प्रश्न आज अनेक कार्यालयांपुढे व शिक्षणसंस्थांपुढे आहे. दरपत्रके मागविली की दोन पर्याय समोर येतात. क्लाउडमध्ये एका मोठ्या यंत्राचा काही हिस्सा भाड्याने मिळतो. त्याच यंत्रावर इतरही ग्राहक नांदत असतात. स्वतंत्र सर्व्हर घेतल्यास संपूर्ण यंत्र एकाच ग्राहकाच्या दिमतीला असते. ‘क्लाउड’ हे नाव थोडे फसवे आहे. त्यात आकाशातले काही नाही. तीही कोणत्या तरी शहरातील इमारतच असते.

आवाज वाट पाहत नाही

पत्र दोन सेकंद उशिरा पोचले तर कोणाचे काही बिघडत नाही. आवाजाचे तसे नाही. प्रचलित पद्धतीत आवाजाचे दर सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात व त्यांचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून सेकंदाला ५० पॅकेटे पाठविली जातात. बोलणाऱ्याच्या मुखातून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. विलंब बराच वाढला की दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि मग दोघेही थांबतात.

म्हणून यंत्र कोणत्या गावी आहे, ही पहिली चौकशी असावी. प्रकाशतंतूतून १००० किलोमीटर जाण्यास सुमारे ५ मिलिसेकंद लागतात. गडचिरोलीतील कार्यालयाचा सर्व्हर मुंबईत असला तरी अंतराची अडचण येत नाही. तोच अमेरिकेत असेल, तर गडचिरोलीहून नागपूरला केलेला दूरध्वनीही समुद्र ओलांडून जाईल व परत येईल, आणि १५० मिलिसेकंदांची मर्यादा त्या प्रवासातच ओलांडली जाईल. सुदैवाने २०१५ ते २०१७ या काळात मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन व गूगल या तिन्ही कंपन्यांची क्लाउड केंद्रे महाराष्ट्रात सुरू झाली. तरीही स्वस्त दरपत्रकात परदेशातील केंद्र दडलेले असू शकते. करारात स्थळाचा स्पष्ट उल्लेख करून घेणे इष्ट.

क्लाउडची दुसरी अडचण शेजाऱ्यांची. शेजारच्या ग्राहकाने यंत्रावर अचानक मोठे काम लादले, तर पॅकेट वेळेवर सुटत नाही आणि आवाज तुटतो. संकेतस्थळ चालविताना हे कोणाच्या लक्षातही येत नसे. प्रक्रियाशक्तीचा राखीव हिस्सा घेतल्यास ही तक्रार बहुतांशी मिटते, मात्र भाडे वाढते.

खर्चाचा हिशेब

ज्या कार्यालयात वर्षभर सारखीच वर्दळ असते, तेथे ठरावीक मासिक भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर बहुधा स्वस्त पडतो. परीक्षेच्या निकालाच्या काळातील मार्गदर्शन कक्षाचे किंवा पावसाळ्यातील पूर नियंत्रण कक्षाचे काम निराळे असते. चार महिने गर्दी, उरलेले आठ महिने शांतता. अशा ठिकाणी गरजेपुरते वाढवून पुन्हा घटविता येणारे क्लाउड सोयीचे ठरते. यंत्र बिघडल्यावर सुटा भाग बदलण्याची चिंताही तेथे ग्राहकाकडे नसते.

वाहिनीचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच. एका संभाषणास प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट लागतात. एकाच वेळी दहा संभाषणे चालावयाची असतील तर जवळजवळ ९०० किलोबिट. आकडा लहान वाटतो, परंतु तो जाण्याच्या दिशेनेही तितकाच मिळाला पाहिजे आणि सतत मिळाला पाहिजे. करार करण्यापूर्वी भर कार्यालयीन वेळेत आठवडाभर चाचणी घेतलेली बरी.

वाहिनी तुटली तर?

रस्त्याच्या कामात प्रकाशतंतू तुटणे हा ग्रामीण भागातील नेहमीचा अनुभव. सर्व्हर क्लाउडवर असो वा दूरच्या केंद्रातील स्वतंत्र यंत्र असो, वाहिनी तुटताच शेजारच्या खोलीत लावलेला दूरध्वनीही लागत नाही. जुनी पेटी निदान एवढे तरी करीत असे. यावर उपाय म्हणून मुख्य केंद्र दूर असले तरी अंतर्गत संभाषणापुरता एक छोटा संगणक कार्यालयातच ठेवता येतो.

इमारतही जळू शकते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र आगीत संपूर्ण नष्ट झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्रास आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. तेथील कर्मचाऱ्यांच्या सामायिक दस्तऐवजांची दुसऱ्या ठिकाणी प्रतही नव्हती. पहिले केंद्र खासगी, दुसरे खुद्द सरकारचे. तेव्हा दूरध्वनी केंद्राच्या मांडणीची प्रत दुसऱ्या शहरात ठेवावयास हवी. ती आकाराने फार लहान असते, त्यामुळे खर्चाची सबब चालणार नाही.

चोरांचाही विचार करावा लागतो. इंटरनेटवरील दूरध्वनी सर्व्हर शोधून त्यांचे परवलीचे शब्द अजमावून पाहणाऱ्या आज्ञावल्या अहोरात्र फिरत असतात. शब्द सापडला की रातोरात महागडे परदेशी दूरध्वनी केले जातात आणि देयक संस्थेच्या नावावर येते. स्वतंत्र सर्व्हरवर हा बंदोबस्त संपूर्णपणे संस्थेलाच करावा लागतो, आणि तो जाणणारा माणूस जवळ नसेल तर ते यंत्र न घेतलेलेच बरे. परदेशी दूरध्वनीची सोय मुळातच बंद ठेवणे, हे दोन्हीकडे पहिल्याच दिवशी करता येते.

आपत्ती नियंत्रण कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्र अशा ठिकाणी याखेरीज एक साधा मोबाइल दूरध्वनी चार्ज करून ठेवावा आणि त्याचा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा. पावसाच्या रात्री वीज आणि प्रकाशतंतू ही दोन्ही एकदमच जाण्याचा संभव असतो.