चरित्रलेखनातील चढउतारांची संगती : निकी लाउडा

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपणांस –
• चरित्रनायकाच्या उत्कर्ष-अपकर्षाची संगती लावता येईल.
• चरित्रात एखादा पराभव विजयाहून महत्त्वाचा का ठरतो, हे सांगता येईल.

प्रस्तावना

खेळाडूचे चरित्र लिहिताना विजयांची यादी देण्याचा मोह होतो. यादीतून कर्तृत्व कळते. व्यक्ती कळत नाही. ऑस्ट्रियाचे मोटारशर्यतपटू निकी लाउडा (१९४९–२०१९) यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

विवेचन

व्हिएन्नातील सधन घराण्यात जन्मलेल्या लाउडा यांना घरून विरोध होता. बँकेचे कर्ज काढून त्यांनी संघात जागा मिळवली आणि १९७१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण केले. १९७५ मध्ये फेरारी संघाकडून ते विश्वविजेते झाले.

१ ऑगस्ट १९७६ रोजी जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग येथे त्यांच्या गाडीला अपघात होऊन आग लागली. चेहरा भाजला, विषारी धुराने फुप्फुसांना इजा झाली. तरीही सहा आठवड्यांनी ते मोंझा येथे उतरले आणि चौथे आले. धैर्याचा प्रसंग म्हणून चरित्रकार बहुधा हाच निवडतो.

परंतु त्याच वर्षीची अखेरची शर्यत पाहा. जपानमधील फुजी येथे मुसळधार पाऊस होता. लाउडा तीन गुणांनी आघाडीवर होते. धोका अवाजवी आहे असे ठरवून त्यांनी दोनच फेऱ्यांनंतर माघार घेतली. यंत्रातील बिघाडाचे निमित्त सांगण्याची संघाची तयारी होती. त्यांनी ते नाकारले. जेम्स हंट तिसरे आले आणि एका गुणाने विश्वविजेते ठरले. मोंझा येथे भीतीवर मात दिसते. फुजी येथे आपला निर्णय आपल्या नावावर घेण्याची तयारी दिसते. दुसरी गोष्ट अधिक दुर्मीळ आहे.

१९७७ मध्ये त्यांनी विजेतेपद परत मिळवले, १९७९ मध्ये निवृत्ती घेतली, १९८२ मध्ये पुनरागमन केले. १९८४ मध्ये अ‍ॅलन प्रॉस्ट यांच्यापेक्षा अर्धा गुण अधिक मिळवून ते तिसऱ्यांदा विश्वविजेते झाले. पावसामुळे लवकर थांबवलेल्या मोनॅको शर्यतीत प्रॉस्ट यांना विजयाचे निम्मेच गुण मिळाले होते. पावसाने नेले, पावसानेच परत दिले, असे लिहिणे मोहक वाटेल. पण तो योगायोग आहे, कार्यकारणभाव नव्हे. चरित्रकाराने हा भेद जपला पाहिजे.

सारांश

चढउतार ही घटनांची मालिका असते. त्या घटनांमधील निर्णय शोधल्यावरच तिचे चरित्र होते.

स्वाध्याय

१. मोंझा व फुजी या प्रसंगांतील धैर्याचे स्वरूप तुलनेने स्पष्ट करा.
२. आपल्या परिचयातील एका व्यक्तीच्या अपयशाचा प्रसंग निर्णयाच्या अंगाने दहा ओळींत लिहा.