सेन्सर दंडावर टिकवायचा तर

डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या बाईच्या दंडावर ग्लुकोजचा सेन्सर टिकणं सोपं नाही. माझा पहिलाच सेन्सर दादरला उतरताना कुणाच्या तरी सॅकच्या पट्ट्यात अडकला आणि उपटून हातात आला. 14 दिवस चालायचा तो. आणि एकदा निघाला की परत चिकटवता येत नाही. कातडीखाली जाणारा जेमतेम 5 मिलिमीटरचा बारीक तंतूच बाहेर आलेला असतो. पैसे गेले ते गेलेच.

दंडाची मागची, मांसल बाजू हे डॉक्टर सांगतातच. त्या बाजूवर नेमकी जागा कोणती, हे मात्र आपलं आपण ठरवायचं. ब्लाऊजच्या बाहीचा काठ कुठे येतो, पर्स कोणत्या खांद्याला असते, झोप कोणत्या कुशीवर लागते, सगळं बघायचं. काठ सेन्सरवर आला की दर वेळी कपडे बदलताना घासतो आणि चिकटपट्टीची कड सुटायला लागते. मी ब्लाऊज काढताना मोकळा हात आधी काढते, मग दुसरी बाही सेन्सरवरून अलगद उचलून धरते.

कुशीचं प्रकरण जास्त गमतीचं. मध्यरात्री अलार्म बोंबलला, शुगर 58! सासूबाई साखरपाणी घेऊन धावल्या. मला ना घाम, ना थरथर. बोट टोचून पाहिलं तर 112. सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. अंगाखाली हात दबला की आकडा खोटाच खाली येतो. शिवाय लावल्यावर पहिला दिवसभर आकडे जरा इकडेतिकडे होतात. म्हणून ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्स घरात हव्यातच. मात्र खरोखर घाम फुटला, हात कापायला लागले, तर मोजत बसू नका. आधी साखर तोंडात.

लावण्याआधी त्या जागी तेल नको, लोशन नको. साध्या साबणाने धुवा, स्पिरिटचा बोळा फिरवा आणि कातडी पूर्ण वाळू द्या. इथेच सगळ्यांना घाई होते, आणि ओलसर कातडीवर कुठलाही गोंद धरत नाही. दिवाळीच्या अभ्यंगातही तेवढा दंड वगळायचा, घरचे कितीही आग्रह करोत. घामाच्या दिवसांत वरून जादा पट्टी लावावी. सेन्सरच्या मधोमध बारीक छिद्र असेल तर ते झाकू नका.

पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर. काढल्यावर थोडी लाली दिसतेच, पण खाज थांबेना किंवा फोड आले, तर गोंदाची अ‍ॅलर्जी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. काढताना ओढाताण नको. कडेने खोबरेल सोडा, पाच मिनिटं मुरू द्या, मग सावकाश सोलत न्या. एमआरआय ठरला असेल तर तारीख घेतानाच सेन्सरचं सांगा. बहुतेक ठिकाणी तो काढायला लावतात.