आपलं दुखणं अभ्यासात येतं का?

मैत्रिणींनो, अंगावरून जातं, कंबर धरते, हे आपण सांगतो तरी कुणाला? गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. ९२ टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! दुखणं होतंच, विचारलं कुणी नव्हतं.

तेव्हा गावात शुगर, बीपी किंवा सिकलसेलचा अभ्यास आला, तर नवऱ्याला पुढे करून चुलीकडे वळू नका. लावणीच्या दिवसांत भरदुपारी बोलावलं, तर गटातून वेळ बदलून मागा. माहितीपत्रक मराठीत घ्या, वाचून घ्या, मगच सही किंवा अंगठा. नंतरही मधेच ‘नाही’ म्हणता येतं, नेहमीचे उपचार त्याने बंद होत नाहीत. आणि घरात आजाऱ्याचं करणारीनेही बोलायचं: रात्री किती वेळा उठते, मजुरी किती बुडते.