हातात मेला, टेबलावर जगला

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचा. कापूर पेटला, भाच्याने झांज धरली, मी कॅमेरा उभा धरून बटण दाबलं आणि अर्धवट ‘खट्’ होऊन कॅमेरा गप्प. वरची पट्टी कोरी. बॅटरी काढून घातली, लगेच जिवंत. आडवा धरून एक फोटो निघाला. उभा धरला, पुन्हा मेला. त्या वर्षीचा बाप्पा आमच्याकडे आहे तो वहिनींच्या मोबाइलमधला.

मी तीस वर्षं कुडाळकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. विद्युत परिपथाचा धडा तोंडपाठ. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे केलं ते अडाणीपणातून नव्हे, जास्तीच्या शहाणपणातून.

पहिला संशय बॅटरीवर गेला आणि तो रास्तच होता. डीएसएलआरच्या बहुतेक बॅटऱ्यांवर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं, कारण आत लिथियमचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर त्या ८.४ पर्यंत जातात. मी मल्टिमीटर लावला, ८.१ आले, आणि बॅटरीला निर्दोष ठरवून मोकळा झालो. खरं तर एवढ्यावरून तिला सोडायला नको होतं. बसल्या जागी ठणठणीत दिसणारा माणूस जिना चढायला लागला की खरा कळतो, तसंच बॅटरीचं. बटण दाबलं की आरसा उचलायचा, शटर ओढायचं, लेन्सची मोटर फिरवायची, असा एकदम ओढा येतो. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, त्यामुळे त्या क्षणी तिचे व्होल्ट धाडकन खाली येतात आणि कॅमेरा स्वतःला बंद करून घेतो. मोकळ्या बॅटरीवरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही. खरी परीक्षा एकच, दुसरी चांगली बॅटरी घालून बघणं. बाजारातल्या स्टुडिओवाल्याकडे तीच बॅटरी होती. मागितली असती तर पाच मिनिटांसाठी हसत दिली असती. मला मागायला कमीपणा वाटला. नंतर शंका परत आली तेव्हा नऊशे रुपये देऊन कुठल्यातरी भलत्याच कंपनीची नवी घेतली. दोष तसाच.

मग एका दुकानात गेलो. काउंटरवर ठेवून त्यांनी दहा वेळा बटण दाबलं, दहाही वेळा चालला. उचलून हातात घेतला आणि मेला. “बोर्ड गेलाय. अकरा हजार.” अकरा हजार म्हटल्यावर माझ्यातला मास्तर जागा झाला.

रात्री जेवणं आटोपल्यावर टेबलावर पांढरं फडकं अंथरलं आणि घरातला स्टार स्क्रूड्रायव्हर घेतला. इथे पहिली चूक. जपानी यंत्रांतले पुष्कळसे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या स्टारसारखेच असतात, पण त्यांच्या खाचेचा आकार किंचित वेगळा असतो. आपलं टोक त्यात पुरतं बसत नाही, वर सरकतं आणि खाच खाऊन टाकतं. तळाचा एक स्क्रू मी असाच गुळगुळीत करून ठेवला. दुसरी चूक त्याहून मोठी. बॅटरी आदल्या दिवशीच काढून ठेवली होती, म्हणून आत वीज नाही असं मी धरून चाललो. वरच्या झाकणाखाली काळ्या वेष्टनातला, बोटाच्या पेराएवढा कपॅसिटर होता. फ्लॅशसाठी तो सुमारे तीनशे व्होल्ट साठवतो आणि बॅटरी काढली तरी ते बराच काळ धरून बसतो. बोट कुठे टेकलं ते कळलं नाही, हात कोपरापर्यंत मागे फेकला गेला तेवढं कळलं. स्क्रूड्रायव्हर उडाला आणि जाता जाता कागदासारखी पातळ, तपकिरी पट्टी-केबल टरकन फाडून गेला. कपॅसिटरचा धडा मी दरवर्षी फळ्यावर काढून शिकवत होतो. म्हणून सांगतो, फ्लॅश असलेला कॅमेरा घरी उघडू नका. आणि स्क्रूड्रायव्हरची दांडी दोन टोकांना टेकवून कपॅसिटर रिकामा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याचं ऐकू नका.

शेवटी कोल्हापूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी आधी फाटलेली पट्टी बदलली, मग मूळ दुखण्याकडे वळले. हत्याराला हात न लावता विचारलं, “सर, बंद कधी पडतोय?”

“बटण दाबलं की.”

“तसं न्हवं. हातात असताना का टेबलावर?”

मी आठवू लागलो. टेबलावर कधीच नाही. आडवा धरला तर क्वचित. उभा धरला की हमखास. त्यांनी मला कॅमेरा धरून दाखवायला सांगितलं. आडवा धरताना माझा डावा तळवा तळाला खालून टेकत होता, उभा धरताना तो तिथून सुटत होता. त्यांनी बॅटरीच्या दारावर अंगठा दाबून ठेवला आणि कॅमेरा उभा धरून पंधरा फोटो काढले. एकही चुकला नाही. अंगठा उचलला, कॅमेरा मेला.

त्या दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं बारीक बोंड असतं. दार लागलं की ते एक चिमुकला स्विच दाबतं, तेव्हाच कॅमेऱ्याला ‘दार बंद आहे’ असं कळतं. माझ्या दाराची बिजागरी झिजली होती. आरशाच्या हिसक्याने दार केसभर हलायचं आणि स्विच सुटायचा. टेबल किंवा तळवा ते दाबून धरत होता, म्हणून तेवढ्यापुरता कॅमेरा चालायचा. त्यांनी एसटीच्या तिकिटाची बारीक घडी दाराच्या आत सरकवली आणि अंगठ्याशिवायही कॅमेरा चालला. नवं दार साडेतीनशे रुपये. मी फाडलेली पट्टी, मजुरीसकट, साडेचार हजार.

तेव्हापासून कोणाचा कॅमेरा रुसला की मी आधी कधी, कुठे, कसा धरलेला असताना, हेच विचारतो. मग बाहेरून आत. दारं दाबून बघायची, बॅटरीचं आणि कार्डाचंही, कारण पुष्कळ कॅमेऱ्यांत कार्डाच्या दारालाही स्विच असतो. कार्ड काढून चालू करायचा. लेन्स उतरवून बटण दाबायचं. लेन्सशिवाय नीट चालला तर लेन्सच्या सोनेरी ठिपक्यांवर संशय घ्यायचा. कोकणात हाताचा घाम आणि खारी हवा तिथे पातळ थर धरते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेली कापसाची काडी पुरते. काही जण खोडरबर फिरवतात, मला ते पटत नाही. त्याचा चुरा आत पडतो आणि मुलामाही झिजतो. दरवेळी तारीख पुसली जात असेल तर घाबरू नका, तो आतला घड्याळाचा छोटा सेल संपलेला असतो.

वर जुना, माळ्यावरचा फ्लॅश लावत असाल तर मात्र थांबा. त्यातल्या काहींच्या तळाच्या संपर्कावर दोनशेहून जास्त व्होल्ट निघतात, आणि सगळे डिजिटल कॅमेरे ते सोसत नाहीत. आधी मीटर लावा, मग कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत मर्यादा बघा. पाणी गेलं असेल तर बॅटरी ताबडतोब बाहेर, आणि ‘चालतोय का’ म्हणून बटण दाबून बघायचं नाही. तांदळाच्या डब्यात पुरू नका, त्याची पूड आत जाते. सिलिका जेल बरं. बॅटरी फुगून अडकली असेल तर चाकूने उकरू नका, कारागिराकडेच न्या.

कोल्हापूरच्या काकांनी तो गुळगुळीत स्क्रू बदलून दिला नाही. मापाचा मिळाला नाही म्हणाले. बॅटरी घालायला कॅमेरा उलटा केला की तो अजून दिसतो.