स्किझोफ्रेनिया असताना क्लास लावायचा तर

गोळ्या नियमित चालू आहेत, कानातले आवाज मंदावलेत, झोपही लागते. तरी दिवस पलंगावरच सरतो. घरचे त्याला आळस म्हणतात. तो आळस नाही. उमेद आटणं, माणसं नकोशी होणं हाही या आजाराचाच भाग आहे आणि त्यावर गोळ्यांची मात्रा फारशी चालत नाही. आठवड्यातून दोनदा घराबाहेर काढणारा एखादा क्लास तिथे खरंच उपयोगी पडतो.

सुरुवात डॉक्टरांपासून करा. तब्येत क्लासला जाण्याइतकी स्थिर आहे का, आणि गोळीची वेळ क्लासच्या वेळेशी जुळवता येईल का, एवढं विचारा. ओलान्झपिन, क्लोझापिन यांची झापड सकाळी उशिरापर्यंत राहू शकते. पहाटे सहाच्या योगवर्गाला नाव घालून तिसऱ्या दिवशी सोडण्यापेक्षा संध्याकाळचा वर्ग बरा. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. क्लासमुळे बरं वाटू लागलं म्हणून गोळी सोडणं तर मुळीच नको.

मग विषय. तो आवडीचा हवाच. शिवाय हात गुंतलेले राहावेत, परीक्षा नसावी आणि चार दिवस चुकले तरी पुन्हा बसता यावं. शिवण, वारली चित्रं, कुंभारकाम, भजनी मंडळ, सगळं यात बसतं. गुणगुणताना किंवा मोठ्याने वाचताना आवाज मागे हटतात, असा अनेकांचा अनुभव आहे. त्यांनी गाण्याचा वर्ग जरूर पाहावा. योगासनंही चांगली, पण दीर्घ मौन आणि तासन्‌तास ध्यान टाळा. तीव्र ध्यानाने काहींचा आजार उसळतो. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती उगीच नाही. साध्या वर्गातही शवासनात डोळे मिटल्यावर अस्वस्थ वाटलं, तर डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत पडा किंवा सरळ उठून बसा.

अनोळखी माणसांत जायची धास्ती फार असेल, तर आधी आपल्यासारख्यांच्या गटात जा. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव घेतलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. अशा गटात बस्तान बसलं की गल्लीतला क्लास अवघड वाटत नाही.

पैसे भरण्याआधी शुभंकराबरोबर जागा पाहून या. भिंतभर आरसे आहेत का, स्पीकर किती मोठा लावतात, दाराजवळ बसता येईल का, हे बघा. दाराजवळची जागा मोलाची: जीव घाबरला तर कुणाला न ओलांडता बाहेर पडता येतं. फी एका महिन्याचीच भरा.

शिक्षकांना आजाराचं नाव सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं, घरच्यांनी नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार डॉक्टरांनाही तुमची माहिती गुप्त ठेवावी लागते. क्लासमध्ये ती उघड करायची सक्ती कोण करणार? "माझी औषधं चालू आहेत, कधी मधेच बाहेर जावं लागेल," एवढं पुरतं. पाण्याची बाटली मात्र जवळ हवी. यातल्या काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, उन्हाळ्यात उष्माही जास्त बाधतो.

पहिल्या दिवशी वीस मिनिटं बसून उठलात तरी चालेल. क्लासच्या ग्रुपवर सतत मेसेज येत असतील तर तो म्यूट करा.

सलग दोन-तीन रात्री झोप उडाली, किंवा वर्गात दोघी कुजबुजल्या की त्या आपल्याबद्दलच बोलताहेत असं ठाम वाटू लागलं, तर क्लास थांबवा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. ते भेटले नाहीत तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. बरं वाटल्यावर पुन्हा त्याच वर्गात जा. मधल्या गैरहजेरीचं कारण कुणाला द्यायला लागत नाही.

शुभंकरांना एक विनंती: घरी आल्या आल्या "आज काय शिकलास?" असं विचारू नका. "गेलास, बरं केलंस" म्हणा आणि चहा द्या.